कुंकवाचे नऊ टँक

"हवालदार, चिमूटभर कुंकू द्या की."

म्हादबा वनारसे माझ्यासमोर तळहात पसरून उभा होता. जातीचा बुरुड, बांबूची सुपं-टोपल्या विणणारा, फलटणचा, वय चाळिशीच्या पुढे. त्या तळहातावर इतक्या चिरा होत्या की कुठली रेघ देवानं काढलेली आणि कुठली काडीनं, ते ज्योतिष्यालाही सांगता आलं नसतं. माझ्या हातात बिस्किटाचा रिकामा डबा होता, त्यात देशाहून आलेलं हळदकुंकू. पलटणीच्या पंडितानं खंडेनवमी आज आहे असं कळवल्यामुळे वर्कशॉपातली आमची पोरं सकाळपासून टँक पुसत होती.

"कशाला रे?" मी विचारलं.

"माझ्या टँकास्नी लावतो."

आमचे मिस्त्री खो खो हसले. मीही हसलो, आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यांत जास्त मीच हसलो.

ही गोष्ट ऑक्टोबर १९४२ मधली. मिसर देशात, समुद्रापासून थोडं आत, अलमेन नावाच्या एका चिमुकल्या स्टेशनाच्या मागं वाळूत आमचा तळ होता. समोर जर्मन आणि इटालियन, मागं नाईल, मध्ये आम्ही. मी रघुनाथ शेलार, खटाव तालुक्यातला, मॅट्रिकला एकदा बसून एकदा आपटलेला. तेवढ्या इंग्रजीवर मला हवालदार क्लार्क केलं होतं. बंदूक होती, पण माझं खरं हत्यार पेन्सिल. रोज सकाळी तळावर किती टँक आहेत, कुठल्या जातीचे, चालू किती, दुरुस्तीत किती, याचा तक्ता करून कॅप्टन हॅलम साहेबाला द्यायचा, साहेब तो फोनवरून वर कळवायचा. वर कुठंतरी त्या आकड्यांवर लढाई ठरायची.

जातीही काय थोड्या होत्या? क्रुसेडर दिसायला देखणा आणि पळायला तेज, पण नखरेल. चार मैल गेला की रुसून बसायचा. व्हॅलेंटाईन संथ, गरीब, कामाचा. स्टुअर्ट हलका, त्याला गोरे लोक हनी, म्हणजे मध, म्हणायचे. शेरमन अमेरिकेहून नुकताच आलेला, त्याच्याभोवती सगळे नव्या नवरीसारखे घुटमळायचे. आणि ग्रँट. हा उंचच उंच, पोटात एक मोठी तोफ, डोक्यावर टोपी, टोपीत दुसरी लहान तोफ. वाळूत तो उभा राहिला की मैलावरून ओळखू यायचा. आमच्या तळावर दुरुस्त होऊन निघालेले नऊ ग्रँट एका रांगेत उभे होते.

इथपर्यंत सरळ होतं. घोळ पुढं आहे.

वरच्या साहेब लोकांनी शत्रूला फसवायचा घाट घातला होता. खरा टँक पुढं न्यायचा तर त्याच्यावर चौकट चढवून कापडाची लॉरी करायची. वरून विमानाला वाटावं, लॉरी चालली. आणि त्याच्या जुन्या जागेवर काड्यांचा आणि गोणपाटाचा खोटा टँक उभा करायचा; विमानाला वाटावं, टँक जागचा हललेला नाही. म्हणजे जी लॉरी ती लॉरी नाही आणि जो टँक तो टँक नाही. आम्ही त्या खोट्या टँकांना सोंगं म्हणायचो. हे सगळं मोजून कागदावर मांडायचं कुणी? तर मॅट्रिक नापास रघुनाथ शेलारनं. कधी कधी मला माझीच शंका यायची की मी तरी खरा आहे का.

म्हादबा ती सोंगं बनवायचा. मजूर पलटणीत तो भरती झाला खंदक खणायला, पण त्याचा हात पाहून साहेबानं त्याला सोंगांवर लावला. तिथं बांबू कुठला? खजुरीच्या झावळ्यांचे दांडे सोलून तो विणायचा आणि दिवसभर कुरकुरायचा, "ह्या काडीला आपल्या येळवाची सर न्हाय." पण ग्रँट असा उभा करायचा की वीस पावलांवरून मीच फसायचो. पोटातली तोफ, टोपी, पट्टे, सगळं जिथल्या तिथं. आणि सहा माणसांनी सहज उचलावा एवढा हलका.

"म्हादबा, खंडेनवमी हत्याराची असते," मी त्याला समजावलं. "तुझी ती सोंगं. सोंगाची पूजा कोण करतं?"

"मग माझं हत्यार कंचं?"

"कोयता आहे ना तुझा? त्याला लाव." असं म्हणून मी डब्यातलं चिमूटभर कुंकू त्याच्या तळहातावर टाकलं. वरून टाकलं, हात लागू दिला नाही. ते त्यालाही कळलं आणि मलाही. तो मूठ मिटून गेला.

आमच्या पोरांनी नऊ ग्रँटची पूजा केली. फुलं नव्हती, नारळ नव्हता. खजूर फोडून नैवेद्य दाखवला. प्रत्येकाच्या नाकाडावर, पुढच्या पत्र्यावर, तळहाताएवढा कुंकवाचा पट्टा ओढला. कॅप्टन हॅलम बघत होता. "याच्याहून मोठा नको," एवढंच म्हणाला, आणि खजूर मात्र दोन खाल्ले.

दुपारी आमचे दाजी आले. दौलत फडतरे, माझ्या धाकट्या बहिणीचे, आनशीचे यजमान. पायदळात नाईक होते. त्यांच्या कंपनीची ब्रेन कॅरियर, म्हणजे मशीनगनची छोटी चिलखती गाडी, आमच्याकडे दुरुस्तीला होती, ती न्यायला आले होते. दाजींना भरतीला मीच नेलं होतं. लग्नाला दोन वर्षं झालेली, घरी जमीन खडकाळ, मीच म्हटलं चला. आनशीनं मास्तरांकडून लिहवून घेतलेलं पत्र माझ्या खिशात महिनाभर होतं. त्यात बाकी सगळं मास्तरांचं होतं, एक ओळ तिची होती: "दादा, तुम्ही नेलंत, तुम्हीच आणा."

दाजींनी पूजा केलेली रांग पाहिली आणि हळूच म्हणाले, "रघुनाथराव, उद्या तिन्हीसांजेला आमची कंपनी समोरच्या टेकाडावर जाणार. तिथल्या मशीनगना उठवायच्या हायेत. टँक मिळणार म्हंत्यात. किती मिळत्याल?"

हे मी सांगायचं नव्हतं. त्यांनी ते विचारायचंही नव्हतं. पण समोर उभे ते आनशीचे यजमान.

"नऊच्या नऊ पाठवतो दाजी," मी छाती काढून म्हणालो. टँक जणू माझ्या गोठ्यातले.

"नऊ? मग घाबरायचं काय कारण न्हाय," दाजी हसले. "दोन-तीन आलं की सगळ्या तोफा त्यांच्याव, आन् ते बसलं की मशीनगना आमच्याव. नऊ म्हंजी वैऱ्याला कुणाला मारू आन् कुणाला नको व्हतंय." खजूर तोंडात टाकून ते कॅरियरवर चढून गेले.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी उठलो तर वाऱ्यानं पिवळी धूळ उठवलेली. रात्रीत काही टँक पुढं गेले असणार आणि त्यांच्या जागी सोंगं आली असणार, हे ठरलेलं होतं. किती, त्याची चिठ्ठी ज्या लेफ्टनंटकडे होती त्याला पहाटे कावीळ म्हणून इस्पितळात नेलं होतं, आणि चिठ्ठी बहुधा त्याच्याबरोबरच नाईलकडे चालली होती. कॅप्टन हॅलम फोनपाशी उभा होता आणि पलीकडून कुणीतरी त्याला झोडत होतं.

"हवालदार, खरे ग्रँट किती? दहा वाजायच्या आत आकडा हवा."

"साहेब, आत जाऊन हात लावून बघतो."

"आत पाय टाकायचा नाही. पावलं उमटली की वरून दिसतात. तारेच्या बाहेरून बघ."

झालं. बाहेरून नऊ दिसत होते. काल नऊ, आज नऊ. पण हे नऊ आणि ते नऊ एकच का? मी तारेला धरून उभा राहिलो. डोळ्यांत धूळ, दातांत धूळ, डोक्यात तर काय चाललं होतं ते देव जाणे. रात्री नेलेच नसतील का? या वाऱ्यात कोण नेणार? का नेऊन परत आणले? पाच खरे असतील तर? आठ असतील तर? सोंगं बनवणाऱ्या म्हादबाला विचारावं, हे कुणालाच सुचलं नाही.

आणि मला कुंकू आठवलं. त्या क्षणी मला माझाच एवढा अभिमान वाटला की आजही आठवलं की कान गरम होतात. खऱ्या टँकांना आम्ही काल कुंकू लावलं होतं. सोंगांना कोण लावतंय? ज्याला कुंकू तो खरा, ज्याला नाही ते सोंग. साहेबाची दुर्बीण मागून घेतली आणि एकेकाचं नाकाड बघत गेलो. पहिला, कुंकू. दुसरा, कुंकू. तिसरा. चौथ्याचं जरा फिकं वाटलं, पण धुळीत काय नीट दिसणार? पाचवा, फिकं, पण होतं. नऊच्या नऊ. परत मोजले. नऊ.

म्हणजे वाऱ्यामुळे रात्री काही हललंच नव्हतं! आणि मला तर नऊच हवे होते.

"नऊ ग्रँट, साहेब. सगळे खरे."

"नक्की?"

"शंभर टक्के, साहेब."

त्यानं फोनवर तोच आकडा दिला. मी तक्त्यावर लिहिलं: ग्रँट, चालू, नऊ. अक्षर अगदी वळणदार काढलं.

दुपारी तीनला टँकवाले गोरे आले. नऊ टँकांसाठी नऊ तुकड्या, लॉऱ्यांतून. एक धिप्पाड कॉर्पोरल शिटी वाजवत चौथ्या टँकवर चढायला गेला आणि त्याचा पाय मांडीपर्यंत टँकातून आरपार गेला. काड्या कडाकडा मोडल्या. क्षणभर सगळे हसले. मग कॅप्टन हॅलम धावत पुढं गेला, पाचव्याला लाथ मारली, सहाव्याला मारली. नऊपैकी खरे तीन निघाले. सहा ग्रँट रात्रीच पुढं गेले होते, आणि त्यांच्या जागी म्हादबाची सहा सोंगं कुंकू लावून उभी होती.

दाजी त्या वेळी पुढच्या खळग्यात बसले असणार, नऊ टँकांची वाट बघत.

साहेबानं फोन केला. पलीकडून उत्तर आलं की कंपनीकडे जाणारी तार तोफेनं तुटलीय, दिवसाउजेडी कुणी तिथवर जाऊ शकत नाही, आणि सूर्य टेकला की कंपनी हल्ल्याला उठणार ती उठणारच. दुसरे टँक आणायला वेळ नाही. साहेबानं फोन ठेवला आणि माझ्याकडे वळला.

"तू नऊ म्हणालास."

"साहेब, लाल खूण बघून मोजलं. ती फक्त खऱ्यांनाच लावली होती. कुणीतरी सोंगांनाही लावली."

"कुणी?"

मी बोट दाखवलं. म्हादबा मोडलेल्या चौथ्या टँकपाशी उकिडवा बसून काड्या तपासत होता. त्याला कुंकू मीच दिलं होतं, हे मी बोललो नाही. कुंकवावरून मोजायची युक्ती माझी एकट्याची होती आणि ती त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं, हेही बोललो नाही.

साहेबानं त्याला बोलावलं. "याला विचार, का लावलं?"

मी विचारलं. म्हादबानं आधी माझ्याकडे बघितलं, मग साहेबाकडे. मग तो बोलला. तीन-चार वाक्यं बोलला, सावकाश, हातातली काडी फिरवत. साहेबाला त्यातला शब्द कळत नव्हता; तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काय म्हणतो?"

मी म्हणालो, "म्हणतो, चूक झाली, साहेब."

माणसाच्या आयुष्यात अशी चार-पाच वाक्यं असतात की जी परत तोंडात घेता आली तर बरं होईल. माझ्याकडे तसं एक आहे, आणि ते इंग्रजीत आहे.

साहेब शिव्या देत येरझारा घालू लागला. म्हादबा जागचा हलला नाही. म्हणाला, "काय झालंय ते मला सांगा की कुणीतरी."

मी सांगितलं. टेकाड, कंपनी, तीनच टँक. त्या कंपनीत दाजी आहेत, हेही.

म्हादबा रांगेकडे बघत राहिला. "पाच तर धड हायेत," तो म्हणाला. "सहावं बांधतो. साहेबाला म्हणावं, उघड्या लॉऱ्या द्या सहा. लॉरीव ठेवून आवळून बांधू. खऱ्या तिघांच्या संगं चालू द्या. धूळ उडालीया, तिन्हीसांज हाय. वैरी काय जवळ यिऊन चाचपडतोय व्हय?"

हे मात्र मी शब्द न शब्द सांगितलं. साहेब थांबला. त्यानं घड्याळ बघितलं आणि लॉऱ्या मागवल्या.

तासाभरात सहा सोंगं सहा लॉऱ्यांवर चढली. ड्रायव्हरला दिसावं म्हणून गोणपाटाला पुढं फट पाडली. हलताना चौकट सुटू नये म्हणून प्रत्येक लॉरीत मजूर पलटणीतला एक माणूस दोर धरून बसायचा, असं म्हादबानं ठरवलं. मोडलेल्या चौथ्यावर तो स्वतः. त्याचा ड्रायव्हर गुलाम रसूल नावाचा एक पंजाबी होता, तोंडात कायम लवंग धरलेला.

मी तिथंच उभा होतो. म्हादबा आतून वाकून म्हणाला, "हवालदार, ह्याची एक बाजू फाटलीया. दोन दोर झालं. एक म्या धरतो. दुसरं टोक धराया कोण येतंय?"

इतर सगळे आपापल्या लॉरीत चढले होते. जवळ मी एकटा होतो. तो माझ्याकडेच बघत होता, पण मागत नव्हता. नुसतं विचारत होता.

"मला साहेबाला तक्ता दुरुस्त करून द्यायचाय," मी म्हणालो.

"बरं," म्हादबा म्हणाला. "मग कमरेला बांधतो." आणि त्यानं दुसरा दोर स्वतःच्या कमरेला दोन वेढे घालून गाठ मारली. बुरुडाची गाठ ती. जेवढी ओढाल तेवढी घट्ट.

नऊच्या नऊ निघाले, तीन लोखंडाचे, सहा काड्यांचे. धुळीत दोनशे पावलं गेले आणि मला खरंच कळेना की कुठला कुठला. मी तारेपाशी उभा राहून पुन्हा मोजत होतो. कशासाठी, मलाही ठाऊक नाही.

मग तोफा सुरू झाल्या. धुळीच्या पल्याड कुठंतरी लाल उजेड दिसायचा आणि विझायचा. मी कागद पुढ्यात घेऊन बसलो होतो. नऊ खोडून तीन करायचे होते. पेन्सिल टेकवली की वर आवाज व्हायचा आणि हात उचलायचा. खरं सांगतो, त्या वेळी मी दाजींसाठी देवाला हात जोडले. म्हादबासाठी जोडले की नाही, ते आठवत नाही. आठवत नाही म्हणजे जोडले नसणार.

सकाळी दाजी आले. चालत, धुळीनं माखलेले, हाताला एक फडकं बांधलेलं. मी मिठीच मारली. ते हसत होते.

"काय टँक पाठवलंत रघुनाथराव! काय टँक! म्या मोजलं, नऊ. वैऱ्यानं सगळ्या तोफा त्यांच्याव लावल्या. आमच्याकडं बघाया त्यांस्नी सवडच झाली न्हाय. सरळ वर चढलो, गना उठवल्या, आमची चारच माणसं गेली. आन् एक टँक, मधला, सारखा पेटला व्हता वो, पाक पेटला व्हता, पर पुढंच चालला व्हता. समदा जाळ त्याच्याव. कोण गोरा व्हता त्यात कुणाला ठावं, लई मोठं काळीज!"

सहापैकी चार सोंगं जळाली होती. पाच दोरवाले आणि सगळे ड्रायव्हर कसेबसे उतरून परत आले. गुलाम रसूलचे दोन्ही हात भाजले होते. त्यानं मला हिंदुस्थानीत सांगितलं, की काड्या पेटल्यावर मी उडी मारली, म्हातारा नाही मारू शकला, त्याच्या कमरेला दोर होता. लॉरी उतारावर होती, ती तशीच पुढं गेली.

मी दाजींना काही सांगितलं नाही.

कॅप्टन हॅलमनं संध्याकाळी रिपोर्ट लिहिला. मला वाचून दाखवला, कारण म्हादबाच्या नावाचं स्पेलिंग त्याला हवं होतं. त्यात लिहिलं होतं की सदर मजुराच्या चुकीमुळे आकड्यात गफलत झाली, मात्र पुढं त्यानं स्वतःहून धोका पत्करला. "शूर माणूस होता," साहेब म्हणाला. "ती चूक केली नसती तर बरं होतं." मी "येस सर" म्हणालो. चार दिवसांनी मोठी लढाई सुरू झाली, मग त्या कागदाकडे बघायला कुणाला वेळ होता? सगळा मुलूख तोफांनी हलत होता.

आम्ही दोघं जिवंत परत आलो. आनशीनं दोघांनाही ओवाळलं. दाजींना चार मुलं झाली. त्यांनी विहीर खणली, पंचायतीत निवडून आले. आणि दर दसऱ्याला सोनं लुटून झालं की चावडीच्या पारावर बसून नऊ टँकांची गोष्ट सांगायची, हा त्यांचा नेमच होऊन बसला. पोरं मध्ये बोटं मोजायची. दाजी म्हणायचे, "आन् ते नऊ पाठवणारा हा बसलाय!" मग सगळे माझ्याकडे बघायचे. मी तंबाखू मळत बसायचो. एकतीस दसरे मी असा तंबाखू मळला. त्यात फलटण दोनदा लागलं, एकदा बाजारासाठी, एकदा लग्नासाठी. दोन्ही वेळा बुरुड आळीच्या तोंडापर्यंत गेलो. आत सुपं, टोपल्या, एक म्हातारी विणत बसलेली. तिला नाव विचारायचं धाडस झालं नाही. ती कोण होती, मला आजही माहीत नाही.

परवाच्या दसऱ्याला गोष्ट रंगात आली आणि दाजी अचानक मध्येच थांबले. वय झालं, आता त्यांचं थांबणं वाढलंय. माझ्याकडे वळून म्हणाले, "रघुनाथराव, तुमी तक्ता लिवायचा. त्या पेटलेल्या टँकात कोण व्हता वो? नाव असंल की कुठंतरी. येवढ्या वर्सांत इचारायचं ऱ्हायलं."

पारावर पंधरा-वीस माणसं होती. मी तंबाखू खाली टाकला.

"फलटणचा होता," मी म्हणालो. "म्हादबा वनारसे. बुरुड."

"टँकवाला? बुरुड?"

मग मी सगळं सांगितलं. खजुरीच्या काड्या, कुंकू, दुर्बीण, दोर. ते वरून टाकलेलं कुंकूसुद्धा सांगितलं. "चूक झाली" हेही सांगितलं. एक पोरगं मोजायला वर केलेली बोटं तशीच धरून बसलं होतं.

दाजी जमिनीकडे बघत होते. त्यांना राग आला होता का, रडू आलं होतं, मला समजेना. शेवटी म्हणाले, "म्हंजी नऊ न्हवतं. तीनच व्हतं."

त्या सकाळी मी नऊ मोजले ते चूक, की संध्याकाळी नऊ निघाले ते खरं, हा घोळ माझ्या डोक्यात आजही तसाच आहे. तो तक्ताही मी तसाच सोडला होता. नऊचे तीन शेवटपर्यंत केले नाहीत.

"तो काय बोलला व्हता?" दाजींनी विचारलं. "साहेबानं इचारलं, का लावलंस, तवा. तुमी चूक झाली म्हणाला. पर त्यो काय म्हणाला?"

हे शब्द मी एवढी वर्षं कुणाला सांगितले नव्हते. साहेबाला त्या दिवशी सांगायचे होते, ते आता दाजींना सांगितले. म्हादबाच्या बोलीत, जसे आठवत होते तसे.

"साहेबाला सांगा, कुंकू म्या लावलं, आन् समजून लावलं. तुमच्या टँकाला लोखंडाची कातडी हाय. माझ्याला गोणपाट. आन् गोळा तर माझ्यावरच पडावा म्हणून त्यो हितं हुबा केलाय. मग देवाची गरज जास्ती कुणाला, तुमीच सांगा."